आग्वादचा रिकामा तुरुंग: ग्वाल्हेरहून केलेला एक प्रकरण अभ्यास

प्रसंग

२०१५ साली गोव्याच्या आग्वाद किल्ल्यातला मध्यवर्ती तुरुंग रिकामा झाला. कैद्यांना कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवलं. मागे राहिल्या समुद्राला खेटलेल्या जांभ्याच्या भिंती, कोठड्यांच्या रांगा, आणि सरकारपुढचा एक प्रश्न: आता या जागेचं करायचं काय?

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. चारशे वर्षांत या एका टेकडीवर जहाजांची पाणपोई झाली, तोफांचं ठाणं झालं, दीपस्तंभ उभा राहिला, तुरुंग आला, शेजारी पंचतारांकित हॉटेलही आलं. दर वेळी नवा उपयोग आला तो आधीच्या उपयोगाच्या उरावर बसूनच आला. शिवाय शेवटचा उपयोग तुरुंगाचा, आणि त्या तुरुंगात पोर्तुगिजांनी ज्यांना कोंडलं त्यातली बरीच मंडळी मराठी बोलणारी. म्हणजे हा निव्वळ इमारतीचा प्रश्न नव्हे.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, इतिहास शिकवते. रविवारी आमचा मराठी मुलांचा एक छोटा अभ्यासवर्ग भरतो. तिथे आम्ही एक जागा घेतो, तिथे घेतला गेलेला एक निर्णय घेतो आणि तो नीट उलगडून पाहतो. गेल्या खेपेला आग्वाद घेतला. वर्गातल्या एका मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ग्वाल्हेरला समुद्र कुठे आहे?" समुद्र नाही, पण खिडकीतून मान वर केली की किल्ला दिसतो, आणि तोही शंभरहून जास्त वर्षं राजकैद्यांचा तुरुंग होता. आपल्या घराच्या डोक्यावर काय आहे ते कधीकधी दुसऱ्याच्या घराकडे पाहूनच कळतं.

दुसरं कारण घरचं. माझ्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात गेले होते. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं. ग्वाल्हेरहून बेळगाव, तिथून सरहद्द. पोर्तुगीज पोलिसांनी तुकडीला बेदम मारलं आणि रात्री परत सरहद्दीवर आणून टाकलं. उजव्या हाताचं करंगळीचं बोट त्यानंतर कधी सरळ झालं नाही. पंगतीत वाढताना त्यांची ती वाकडी करंगळी पळीच्या दांड्यापासून वेगळीच राहायची, हे मला अजून दिसतं. विचारलं की एवढंच म्हणायचे, "आम्हाला आग्वादनं घेतलं नाही." त्या वाक्यात खंत होती. आग्वादला ठेवलं म्हणजे सत्याग्रह मोजला गेला, असं त्यांच्या पिढीला वाटत असावं.

२०२२ च्या हिवाळ्यात मी मावशीला घेऊन आग्वादला गेले. काका तोवर राहिले नव्हते. मावशी ब्याऐंशी वर्षांची. कोठड्यांच्या रांगेसमोर ती बराच वेळ उभी राहिली, मग तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "अगं, यांना पाणी कुठून यायचं?"

सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या प्रश्नात आहे, हे मला पुढे कळलं.

पाण्यासाठी बांधलेला किल्ला

पोर्तुगीज भाषेत 'आग्वा' म्हणजे पाणी. मांडवी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाशी, उत्तरेच्या काठावर गोड्या पाण्याचा झरा होता. लिस्बनहून महिनोन्महिने समुद्रात काढून आलेली जहाजं आधी इथे थांबायची, पाणी भरायची, मग नदीतून वर राजधानीकडे जायची. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डच आरमार मांडवीच्या तोंडाशी येऊन गोव्याची नाकेबंदी करू लागलं, तेव्हा या झऱ्याचं आणि नदीच्या तोंडाचं रक्षण करणं भाग पडलं. १६१२ मध्ये किल्ला पुरा झाला.

त्याचे भाग दोन. टेकडीच्या माथ्यावर खंदकानं वेढलेला वरचा कोट आणि पायथ्याशी पाण्याला लागून खालचा कोट. खाली झरा, धक्का, जहाजांची ये-जा. वर पाण्याचं प्रचंड टाकं. या टाक्यात २३,७६,००० गॅलन पाणी मावायचं, म्हणजे अंदाजे एक कोटी लिटर. त्याचं छत सोळा खांबांवर पेललं आहे. आज वरच्या कोटात गेलं की आपण एका मोकळ्या फरसबंदी अंगणावरून चालतो. पायाखाली टाकं आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. मावशीला मी ते सांगितलं तेव्हा तिनं पाय जरा जपून टाकायला सुरुवात केली.

१७३९ मध्ये मराठ्यांनी बारदेश, म्हणजे मांडवीच्या उत्तरेचा हा मुलूख, घेतला. सगळा मुलूख गेला तरी आग्वाद आणि रेइश मागुश हे दोन किल्ले पोर्तुगिजांच्या हातून सुटले नाहीत. आग्वाद टिकला त्यात तटाइतकाच वाटा पाण्याचा असणार, असं मला वाटतं. वेढा पडला तरी तहानेनं शरण जायची पाळी तिथे येणार नव्हती, आणि समुद्राची बाजू तर मोकळीच होती.

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांची फौज इथे येऊन राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकात तोफांचा जमाना बदलला, राजधानी पणजीला गेली, किल्ल्याचं लष्करी महत्त्व ओसरलं. १८६४ मध्ये वरच्या कोटात दीपस्तंभ उभा राहिला आणि तो १९७६ पर्यंत चालू होता. शत्रूची जहाजं रोखायला बांधलेली जागा आता सगळ्यांच्याच जहाजांना वाट दाखवू लागली. किल्ल्याच्या सगळ्या बदलांमध्ये हा मला सगळ्यात सुंदर वाटतो, आणि सगळ्यात कमी लोक त्याविषयी बोलतात.

पहारा तोच, नजर आत

मग सालाझार. १९२६ मध्ये पोर्तुगालमध्ये लष्करानं सत्ता घेतली, १९३३ मध्ये सालाझारची हुकूमशाही राज्यघटनेत पक्की झाली. सभा, वर्तमानपत्रं, संघटना यांच्यावर बंदी आली आणि तुरुंग अपुरे पडू लागले. जुने किल्ले कामाला आले. पोर्तुगालमध्ये पेनीशचा सागरी किल्ला १९३४ पासून राजकैद्यांचा तुरुंग झाला, लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात तेच. गोव्यात आग्वाद.

वर्गात मी मुलांना विचारलं की किल्ल्याचा तुरुंग करायला काय काय बदलावं लागतं? मुलांनी यादी करायला घेतली आणि थोड्याच वेळात ती थांबली, कारण जवळपास काहीच बदलावं लागत नाही. एकच दरवाजा, जाड भिंती, चहूकडे पहारा, आत स्वतःचं पाणी, बाजूला समुद्र, आणि कैद्याला दूर पाठवायचं तर दाराशीच धक्का. बाहेरच्याला आत येऊ न देणारी रचना आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही. फक्त पहारेकऱ्यानं तोंड फिरवायचं.

१८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी बंदीहुकूम मोडून सभा घेतली आणि गोव्यात नागरी हक्कांची चळवळ पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा गोव्यात शिरताना कुळे स्टेशनावर पकडले गेले आणि आग्वादच्या कोठडीत काही दिवस एकांतात राहिले. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना जुलैमध्येच धरलं होतं. त्यांना आग्वादच्या अंधाऱ्या, ओल्या कोठडीत ठेवलं, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला, पेनीशच्या किल्ल्यात, धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही त्याच वाटेनं गेले. एका समुद्रकाठच्या किल्ल्यातून बोटीत बसवून दुसऱ्या समुद्रकाठच्या किल्ल्यात. मधे दोन महासागर.

१९५५ मध्ये भारतातून सत्याग्रहींच्या तुकड्या जायला लागल्या. मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची, जुलैत मधू लिमये यांची. गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी यांना लांबलांबच्या शिक्षा झाल्या आणि ते आग्वादला राहिले. मधू लिमये यांना बारा वर्षांची शिक्षा होती. १९५७ च्या फेब्रुवारीत भारतीय सत्याग्रहींची सुटका झाली.

१५ ऑगस्ट १९५५ चा दिवस आमच्या बाजूच्या लोकांच्या मनात वेगळाच रुतलेला आहे. त्या दिवशी हजारो सत्याग्रही एकाच वेळी सरहद्द ओलांडू लागले, पोर्तुगिजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक माणसं गेली. त्यात उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ होते. सागरच्या सहोदराबाई राय हातात तिरंगा घेऊन पुढे गेल्या आणि गोळ्यांनी जखमी झाल्या. त्या पुढे लोकसभेत निवडून आल्या. गोवा ग्वाल्हेरपासून कुठच्या कुठे. तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन मध्यभारत राज्यात होतं. तिथली पोरं मांडवी कधी न पाहता तिच्यासाठी निघाली, हे मुलांना सांगताना माझा आवाज दर वेळी जड होतो. होऊ दे.

मोहन रानडे यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती १९६१ च्या पुढे जाते. सांगलीचा हा तरुण शिक्षक म्हणून गोव्यात गेला, आझाद गोमंतक दल या सशस्त्र गटात सामील झाला, १९५५ मध्ये बेती इथल्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा २६ वर्षं. त्यांना काशियासला नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या कोठडीतच राहिले आणि सुटले १९६९ च्या जानेवारीत. ज्या भूमीसाठी शिक्षा भोगत होते ती भूमी मोकळी होऊन सात वर्षं लोटली होती. म्हणून आग्वादची कथा सांगताना १९६१ ला पूर्णविराम देऊ नये असं मी मुलांना बजावते.

आणि १९६१ चेही शेवटचे तास. १८ डिसेंबरला भारतीय फौज बेतीपर्यंत पोचली होती. आग्वादमध्ये अजून कैदी होते. त्यांना सोडवायला सातव्या लाइट कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू गेले. किल्ल्यातल्या शिबंदीला शरणागतीचा हुकूम पोचला नव्हता. गोळीबार झाला. मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सहगल तिथेच पडले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त.

चालू तुरुंगाची चोपन्न वर्षं

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग हाच, आणि पर्यटकांच्या पुस्तिकांत तो एका ओळीत संपतो.

मुक्तीनंतर आग्वादचा तुरुंग बंद झाला नाही. तो राज्याचा मध्यवर्ती तुरुंग झाला. १९६१ ते २०१५, चोपन्न वर्षं तिथे चोरी, खून, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांतले कैदी राहिले. वरच्या कोटात सुटीच्या दिवशी सहली यायच्या, दीपस्तंभापाशी फोटो निघायचे, आणि खाली त्याच टेकडीच्या पायथ्याशी तुरुंग चालू. त्यात भर म्हणजे १९७४ मध्ये खालच्या तटाला लागून सिकेरीला ताजचं हॉटेल उघडलं. १९८३ मध्ये राष्ट्रकुलाच्या देशांचे प्रमुख दिल्लीहून विश्रांतीला इथे आले, त्यांच्यासाठी कुट्या बांधल्या गेल्या. पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष एका अंगाला आणि कैदी दुसऱ्या अंगाला, दोघांनाही तोच समुद्र.

चालू तुरुंगानं जागेचं भलं केलं की वाईट? वर्गात यावर दोन रविवार भांडण झालं. मुलांचे दोन तट पडले आणि दोघांचंही खरं होतं.

भलं असं, की ज्या इमारतीत रोज माणसं राहतात तिचं छप्पर शाकारलं जातं. कोकणपट्टीत चार पावसाळे दुर्लक्ष केलं की जांभ्याच्या भिंतीतून पिंपळ डोकं काढतो. तुरुंग चालू राहिला म्हणून भिंती उभ्या राहिल्या. रिकामी सोडली असती तर २०१५ मध्ये ठरवायला काही उरलंच नसतं.

वाईट असं, की चालू तुरुंगाला आठवण ठेवता येत नाही. तिथे भिंतीवर कुणी काही लिहिलं तर ते पुसायचं असतं. चुन्याचा हात फिरतो, दारं बदलतात, कोठड्यांचे आकडे बदलतात. आणि बाहेरच्याला आत प्रवेश नसतो. ज्याचा बाप १९५५ मध्ये इथे होता त्या मुलाला बापाची कोठडी सहज जाऊन पाहता येत नव्हती. एक आख्खी पिढी अशी गेली. ज्यांना बोट दाखवून सांगता आलं असतं, 'या दारामागे मी होतो', त्यातले बहुतेक २०१५ पर्यंत राहिले नाहीत.

माझं मत मी मुलांपासून लपवलं नाही. छप्पर राखलं म्हणून मी तुरुंगखात्याला दोष देणार नाही. पण मधल्या काळात वर्षातून एक दिवस, एका कोपऱ्यातली एक रांग तरी जुन्या कैद्यांसाठी उघडी ठेवायला हवी होती. त्यांचा हात धरून, त्यांच्या तोंडून कोठड्यांचा नकाशा काढून घ्यायला हवा होता. ते काम दगडांच्या डागडुजीच्या आधी करायचं असतं. दगड थांबतात, माणसं थांबत नाहीत.

समोरच्या वाटा

तुरुंग रिकामा झाल्यावर ठोकळमानानं तीन वाटा होत्या. तसंच सोडून द्यायचं. हॉटेल करायचं, कारण जागा अशी आहे की दारातून पाऊल टाकलं की समुद्र. किंवा संग्रहालय करायचं. प्रत्यक्षात संग्रहालय झालं, आणि त्याच्या जोडीला पाण्याच्या बाजूला लोकांनी येऊन बसावं, खावं, कार्यक्रम पाहावेत अशी सोय. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत आग्वादच्या कामाला २८ कोटींहून अधिक रुपये होते. १९ डिसेंबर २०२१ ला, मुक्तीच्या साठाव्या वर्षदिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तुरुंगाच्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. लोहिया आणि कुन्हा यांच्या नावाच्या कोठड्या तिथे आहेत.

निर्णय मला पटतो. सगळी जागा हॉटेलला गेली असती तर ते दुःख मी कुणाला सांगूही शकले नसते. पण संग्रहालय आणि खाणावळ एकाच आवारात असताना दोन्हीमधली सीमा कुठे आखायची यावर माझं मत पक्कं आहे. धक्क्याच्या बाजूला खुशाल खा-प्या. तिथे पूर्वीही खलाशी पाणी पीत होतेच, ते त्या जागेच्या स्वभावाला धरून आहे. कोठड्यांच्या अंगणात मात्र ताट नको, माइक नको. कोठडीत दिवस मोजणाऱ्या माणसाला जे ऐकू येत असेल, म्हणजे लाटा आणि वारा, तेवढंच तिथे ऐकू यावं. ही मर्यादा घालायला पैसे लागत नाहीत.

पेनीशची भिंत

कुन्हा ज्या पेनीशच्या किल्ल्यात गेले त्याचं पुढे काय झालं ते इथे ताडून पाहण्यासारखं आहे. हा किल्ला अटलांटिकच्या काठावर, सोळाव्या शतकात बांधायला घेतलेला. १९६० च्या ३ जानेवारीला कम्युनिस्ट नेते आल्व्हारु कुन्याल आणि त्यांचे साथीदार, एकूण दहा जण, चादरींचा दोर करून तटावरून उतरून पळाले. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली आणि २७ एप्रिलला पेनीशचे कैदी सुटले. त्यानंतर त्याच कोठड्यांत आफ्रिकेतल्या सुटलेल्या वसाहतींमधून परतलेली पोर्तुगीज कुटुंबं राहिली. पुढे नगरपालिकेचं संग्रहालय झालं.

२०१६ मध्ये तिथल्या सरकारनं जुन्या वास्तू हॉटेलांसाठी खासगी हाती द्यायच्या यादीत पेनीशचं नाव घातलं. जुने कैदी, त्यांची मुलं, नातवंडं उठली. सह्या झाल्या, ओरड झाली आणि काही आठवड्यांत सरकारला नाव मागे घ्यावं लागलं. २०१७ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचा निर्णय झाला, २०१९ च्या २७ एप्रिलला पहिला भाग उघडला, २०२४ च्या २७ एप्रिलला, सुटकेला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, संपूर्ण संग्रहालय. तिथे एक स्मारक आहे, त्यावर अडीच हजारांच्या आसपास राजकैद्यांची नावं कोरली आहेत. पुढाऱ्यांची आणि कोळ्यांची, सगळी एकाच आकाराच्या अक्षरांत.

वर्गात मुलांनी हे सगळं फळ्यावर मांडल्यावर एका मुलानं विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. तो म्हणाला, "बाई, तिथे लोक उठले कारण माणसं जिवंत होती. १९७४ ला सुटलेला माणूस २०१६ ला सत्तरीत असेल. आपल्याकडे १९५७ ला सुटलेला माणूस?" मुलानं गणित बरोबर मांडलं होतं. पेनीशला तुरुंग संपला आणि लगेच आठवण सुरू झाली. आग्वादला त्या दोहोंमध्ये चोपन्न वर्षांची चालू नोकरी होती.

म्हणून आग्वादबद्दल माझी एकच मागणी आहे, ती नावांची. लोहियांची आणि कुन्हांची कोठडी हवीच. पण म्हापशाचा शिंपी, पेडण्याचा शाळामास्तर, सत्तरी तालुक्यातला शेतकरी, मध्यभारतातून आलेला विद्यार्थी, ज्याला महिनाभर ठेवलं तोही, प्रत्येकाचं नाव दगडात असावं. तुरुंगाच्या नोंदी, न्यायालयाची कागदपत्रं, घरोघरच्या पेट्यांतली पत्रं यांतून हे काम अजूनही होऊ शकतं. आणि १८ जून व १९ डिसेंबरला त्या घरच्या माणसांना तिकिटाविना, रांगेविना आत सोडावं.

आमचा किल्ला

आता ग्वाल्हेर. वर्गातला शेवटचा रविवार आम्ही किल्ल्यावर घालवला.

मोगल काळात ग्वाल्हेरचा किल्ला म्हणजे राजघराण्यातल्या माणसांना गाडायची जागा, जिवंतपणी. औरंगजेबानं भाऊ मुराद याला इथे ठेवलं आणि १६६१ मध्ये इथेच मारलं. थोरला भाऊ दारा शुकोह याचा मुलगा सुलेमान शुकोह इथे आला. त्यानं औरंगजेबासमोर हात जोडून सांगितलं होतं की मारायचं तर आत्ताच मारा, पण 'पोस्त' नको, असं फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. पोस्त म्हणजे अफूची बोंडं रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पाजायचा काढा. तो प्यायल्याशिवाय जेवण नाही. माणूस हळूहळू सुकतो, बुद्धी जाते, मग जीव जातो. सुलेमान १६६२ मध्ये इथेच मेला. खुद्द औरंगजेबाचा मुलगा मुहम्मद सुलतान याच किल्ल्यात कैदेत होता.

आणि इथेही किल्ल्याचा तुरुंग होण्यामागे पाणीच. उंच सुटी टेकडी, कडे, आणि वर सूरजकुंड, जौहरकुंड, अस्सी खंब्यांची बावडी. आग्वादला सोळा खांब, इथे ऐंशी. वर्षानुवर्षं खाली न उतरता माणसं वर राहू शकतील, म्हणजेच माणसांना वर्षानुवर्षं वर ठेवता येईल.

पुढे इथेही उपयोग बदलत गेले. १८५८ नंतर इंग्रजी पलटण येऊन बसली, १८८६ मध्ये किल्ला शिंद्यांना परत मिळाला, इंग्रजांच्या बराकींमध्ये माधवरावांनी काढलेली शाळा गेली आणि ती आजही भरते. सोजिरांच्या खोल्यांत मुलं गृहपाठ करतात, हा बदल मला दीपस्तंभाइतकाच सुंदर वाटतो.

तुरुंगाची आठवण मात्र एकाच ठिकाणी जिवंत आहे, दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात. जहांगिराच्या काळात गुरू हरगोबिंद इथे कैदेत होते. सुटका झाली तेव्हा बावन्न राजांना बरोबर घेऊनच ते बाहेर पडले अशी श्रद्धा आहे: अंगरख्याला बावन्न कळ्या, प्रत्येकानं एक धरली. दिवाळीला शीख लोक तो दिवस बंदी छोड म्हणून साजरा करतात. पंजाबातून बसा भरून येतात. मुराद आणि सुलेमानसाठी कुणी येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच किल्ल्यावरच्या. फरक इतकाच की एका कैद्याच्या मागे दर वर्षी येणारी माणसं आहेत.

त्या रविवारी मावशी आमच्याबरोबर आली होती. हट्टानं. साठ वर्षं किल्ल्याखाली राहून ती मानमंदिरात, म्हणजे किल्ल्यावरच्या जुन्या राजवाड्यात, एकदाच गेली होती, तेही वरवर. भिंतीवरच्या निळ्या फरश्यांतली बदकांची रांग पाहून ती हसली. तळघराच्या जिन्याशी मात्र थांबली, गुडघे नको म्हणाले. पहिल्या पायरीवर रुमाल अंथरून बसली आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही जा. मला इथून सांगा."

खाली गोल दालन आहे. भोवती खांब, मधे अंधार, भिंतीत वरून हवा यायला काढलेल्या नळ्या. ग्वाल्हेरचा तोमर राजा मानसिंह यानं हे उन्हाळ्यात थंडावा मिळावा म्हणून बांधलं, मोगलांनी त्याचा कैदखाना केला. मुलांनी मोबाइलचे दिवे लावले. भिंतीला हात लावला तर दगड गार आणि किंचित ओलसर, आग्वादच्या जांभ्याहून गुळगुळीत. कुणी बोललं की आवाज वर्तुळात फिरून परत येत होता.

मावशीचा आवाज जिन्यावरून आला. "काय आहे गं?"

"काही नाही मावशी, रिकामं आहे."

"कोण होतं इथे?"

मी तिला सुलेमान शुकोहचं नाव सांगितलं, पोस्तबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती.

"किती वर्षांचा?"

"सत्तावीस."

वरून बराच वेळ काही आलं नाही. मग तिनं मुलांना हाक मारून विचारलं की पाण्याची बाटली कुणाकडे आहे, आणि एक मुलगा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.